कुठल्या कपड्याने तुम्हाला मोकळं केलं?

निळीशाई

परवा भाचीच्या गणवेशाचं माप द्यायला गेले होते. शिंपीदादा टेप लावत होते तर ही मधेच म्हणाली, "मला पँटच हवी. आणि खिसे दोन्हीकडे, खोल." त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि पुढचं माप घेतलं. विषय संपला.

मला मात्र दिवसभर आत्या आठवत राहिली. आत्या जमीन मोजणीच्या कामावर होती. साखळी ओढत बांधावरून, काट्याकुट्यांतून चालायचं, ओढे ओलांडायचे, आणि हे सगळं साडी नेसून. एक दिवस तिने बाबांची जुनी पँट उसवून स्वतःच्या मापाची केली आणि ती घालून कामाला निघाली. आजोबा दारातच बसले होते. ते काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दादा, निऱ्या सांभाळण्यात एक हात जातो. मला दोन्ही हात लागतात." आजोबांनी पुढे बरेच दिवस अबोला धरला. तिने पँट सोडली नाही.

खूप नंतर रोझा बोनरबद्दल वाचलं. फ्रान्समधली मोठी चित्रकार, जनावरांची चित्रं काढायची. त्यासाठी गुरांच्या बाजारात, कत्तलखान्यात जायला लागायचं. तिथे घोळदार झगा कसा चालणार? पण पॅरिसमध्ये १८०० सालापासून हुकूम होता: बाईला पुरुषी कपडे घालायचे तर पोलिसांचा परवाना काढायचा, तोही डॉक्टरचा दाखला जोडून. रोझाने १८५७ मध्ये तसा परवाना काढला होता. दर सहा महिन्यांनी नवा करून घ्यायचा. इतकी नावाजलेली बाई, आणि पँटसाठी डॉक्टरचा कागद! हे आत्याला सांगायचं राहून गेलं, तोवर ती गेली होती.

तुमच्या घरातल्या, तुमच्या स्वतःच्या अशा गोष्टी असतील तर लिहा. लहान असली तरी चालेल.

सुईदोरा

"मला दोन्ही हात लागतात" 👏👏 आत्यांना नमस्कार.

माझ्यासाठी पँट नाही, ओढणी सोडणं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बर्नर पेटलेले असायचे आणि आमच्या ओढण्या दोन्ही खांद्यांना पिना लावून. एका मैत्रिणीच्या ओढणीच्या टोकाने पेट घेतला, विझवली लगेच, भाजलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या ठरवून ओढणीशिवाय गेलो. वर ॲप्रन होताच की! तरी एका सरांना ते खटकलं. बाई मात्र आमच्या बाजूने उभ्या राहिल्या.

रानफूल

वाचतेय. पोरगं झोपलं की लिहिते.

जुईली

आमच्याकडे एक चुलत पणजी होती, सगळे तिला काकू म्हणायचे. लहानपणीच विधवा. लाल आलवण, डोक्याचं केशवपन, अंगात चोळी नाही. माझ्या आईला ती शेवटच्या काळातली आठवते. आईची थोरली चुलती सून म्हणून घरात आली, तिने आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. न्हाव्याला "पुन्हा येऊ नका" असं सांगितलं. आणि पांढऱ्यावर बारीक जांभळी फुलं असलेलं लुगडं आणून काकूंच्या हातात ठेवलं. काकूंनी ते कितीतरी दिवस घडीतच ठेवलं. रोज काढायच्या, हात फिरवायच्या, परत ठेवायच्या. मग एका सकाळी नेसून बाहेर आल्या. आई सांगते, कोणी काही बोलू नये म्हणून घरातल्या सगळ्या बायका मुद्दाम कामात गढून गेल्यासारखं करत होत्या.

मला त्या न्हाव्याचंही वाटतं. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा संप केला होता, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. म्हणजे हातात वस्तरा असलेल्या माणसांनाही ते सहन होत नव्हतं.

सुईदोरा

जुईली, डोळ्यात पाणी आलं गं. घडीतच ठेवलं...

पानगळ

माझ्या आजीची बहीण पण अशीच. आलवण नेसायची. आम्हा मुलांना तिचा रंग फक्त तेवढाच माहीत. तिच्याबद्दल कोणी लिहिलं नाही, फोटोही नाही.

जुईली

पानगळ, तुम्ही इथे लिहा ना. जेवढं आठवतं तेवढं.

कोकणकडा

कपड्याने मोकळं केलं म्हणता तर आमच्या घरातली गोष्ट सांगते. आमच्या पणजीच्या काळी आमच्या बायकांचं लुगडं गुडघ्यापर्यंतच असायचं. हातापायांत जाडजूड कथलाचे नाहीतर चांदीचे दागिने. लांबून बघूनच जात कळावी असा सगळा बंदोबस्त. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांसमोर वेगळं भाषण केलं, की तुमची लुगडं नेसण्याची पद्धत आणि हे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, घोट्यापर्यंत नेसा.

पणजी स्वतः परिषदेला गेली नव्हती, पण वस्तीवर बातमी पोचली. तिने पायांतले वाळे काढून ठेवले आणि पायघोळ नेसायला लागली. गावातल्या एकाने वाटेत अडवून विचारलं, कोणाच्या बरोबरीला चाललीस? ती म्हणाली, कोणाच्या नाही, माझ्या घरी चाललेय. ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे.

वर सगळ्यांनी कपडे आखूड करण्याचं, उतरवण्याचं लिहिलंय. आमच्यासाठी लांब नेसणं हेच धाडस होतं. हे लक्षात ठेवा एवढंच सांगायचंय.

निळीशाई

कोकणकडा, हे लिहिलंत त्याबद्दल खूप खूप आभार. धागा काढला तेव्हा ही बाजू माझ्या डोक्यात नव्हती, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे.

वाटसरू

केरळात तर त्याहून भयंकर होतं. त्रावणकोर संस्थानात नाडर या खालच्या मानलेल्या जातीतल्या बायकांना छाती झाकायला बंदी होती. झाकली तर भर बाजारात कपडे फाडायचे. अनेक वर्षं दंगे झाले, मग १८५९ मध्ये राजाने परवानगीचा जाहीरनामा काढला. तोही कसा, तर अंग झाका पण सवर्ण बायकांसारखं नेसू नका. म्हणजे द्यायचं ते पण हात आखडून.

(मी पुरुष आहे, चालेल ना लिहिलं तर? आईची गोष्ट आहे एक.)

सुईदोरा

लिहा की!

वाटसरू

आई निवृत्त झाल्यावर पोहायला शिकली. पोहण्याचा पोशाख घालायचा या विचारानेच वर्षभर अडली होती. शेवटी तिने स्वतःच कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला शिवून घेतला. पहिल्या दिवशी टॉवेल गुंडाळून काठावर बराच वेळ बसली. शेजारी एक आजी होत्या, तिच्याहून मोठ्या, त्या म्हणाल्या "पाण्यात सगळ्या सारख्याच दिसतात, चला." आता आई त्या पोशाखातच टॉवेलशिवाय ऐटीत चालत जाते. गुडघे दुखायचे थांबले हा वरचा फायदा.

पाऊसवेडी

किती गोड!! माझ्या आईला दाखवते हे. तिचेही गुडघे.

पानगळ

गुडघ्यांसाठी पाण्यात चालणं पण चांगलं, पोहता नाही आलं तरी. माझ्या बहिणीला डॉक्टरांनी तेच सांगितलं.

टिकली

बायकांनी ब्रा जाळल्या तेव्हापासून सगळं सुरू झालं ना? अमेरिकेत?

निळीशाई

टिकली, जाळल्या नव्हत्या. १९६८ मध्ये अटलांटिक सिटीत मिस अमेरिका स्पर्धेच्या बाहेर बायकांनी निदर्शनं केली, तिथे एक मोठा कचऱ्याचा डबा ठेवला होता. त्यात ब्रा, उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, घरकामाची फडकी असं टाकलं. आग कोणी लावली नाही. वर्तमानपत्रांनी 'जाळल्या' करून टाकलं आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलं. मला याचा राग येतो, कारण त्यांचं म्हणणं काय होतं ते बाजूलाच राहिलं.

आणि सुरुवात तर खूप आधीची. १८५१ मध्ये अमेरिकेत काही बायकांनी आखूड झग्याखाली घोट्याशी चुण्या असलेले पायजमे घातले. अमेलिया ब्लूमरने तिच्या 'द लिली' या पत्रातून त्याचा प्रचार केला, म्हणून नाव ब्लूमर पडलं. रस्त्यात पोरं मागे लागायची, व्यंगचित्रं निघाली. काही वर्षांत त्यातल्या बहुतेकींनी ते सोडून दिलं, कारण लोक मतदानाच्या हक्काचं बोलणं ऐकायच्या ऐवजी पायजम्याकडेच बघत बसायचे. पुढे सायकल आल्यावर मात्र ब्लूमर परत आले.

रानफूल

आले. पोरगं झोपलं.

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मला साडीने मोकळं केलं. हसू नका. माहेरी मी साडीच नेसायचे, आवडीने. लग्न झालं ते घर फार 'आधुनिक'. साडी नेसली की "काकूबाई दिसतेस". केस कापायला लावले, पार्टीला काय घालायचं ते नवरा कपाटातून काढून ठेवायचा. गुडघ्याच्या वरचे फ्रॉक. फोटोत मी फार मोकळी दिसते, सगळ्या मैत्रिणींना हेवा वाटायचा. आतून घुसमटत होते. वेगळी झाले त्या दिवशी कोर्टात आईची हिरवी सुती साडी नेसून गेले. आता रोज साडी. पोराला कडेवर घेऊन, बस पकडत, साडीतच. मला तिचा त्रास होत नाही.

कोकणकडा

रानफूल 🤍 कोणी हसणार नाही.

जुईली

रानफूल, हे वाचून इराणच्या बायका आठवल्या. १९३६ मध्ये तिथल्या शाहने बुरखा, चादर यांवर बंदी घातली. पोलीस रस्त्यात डोक्यावरचं ओढून काढायचे, तर कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. आणि क्रांतीनंतर १९८३ मध्ये उलटा कायदा, डोकं झाकलंच पाहिजे. एकाच बाईच्या आयुष्यात दोन्ही! आधी काढ म्हणून मार, मग घाल म्हणून मार. २०२२ मध्ये डोकं नीट झाकलं नाही म्हणून पोलिसांनी पकडलेली महसा अमिनी गेली आणि मुली रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या आज्यापणज्यांनी हे सगळं पाहिलेलं होतं.

रानफूल

हो. तेच. कपडा कुठला याने काही ठरत नाही गं, कपाट कोण उघडतंय ते बघायचं.

पाऊसवेडी

रानफूल, आईची हिरवी साडी अजून आहे? सुती असेल तर फार धुऊ नका, माझ्या आईची विरून गेली.

रानफूल

आहे. घरीच हाताने धुते.

टिकली

निळीशाई, माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. मग ती पॅरिसची परवान्याची भानगड कधी संपली?

निळीशाई

१८९२ आणि १९०९ मध्ये सूट मिळाली: हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर बाईने पँट घातली तरी चालेल. कायदा रद्द झाल्याचं अधिकृतपणे सांगितलं ते थेट २०१३ मध्ये. आणि सुदानमध्ये २००९ साली लुबना हुसेन या पत्रकार बाईला पँट घातली म्हणून पकडलं होतं. तिथला तो कायदा २०१९ मध्ये गेला. त्यामुळे ही जुनी गोष्ट आहे असं मला म्हणवत नाही.

पाऊसवेडी

भाचीने खिसे मागितले ते मला सगळ्यात आवडलं. अठराव्या शतकात युरोपातल्या बायकांना चांगले मोठे खिसे होते! घागऱ्याच्या आत कमरेला नाडीने बांधलेल्या पिशव्या, झग्याच्या शिवणीत फट ठेवायची आणि त्यातून हात घालायचा. शतक संपता संपता अंगाबरोबर उतरणारे सरळ झगे आले, त्यात पिशवी फुगून दिसायला लागली. खिसे गेले, हातात इवलासा बटवा आला. एक हात परत अडकला, आत्या म्हणाल्या तसा.

माझ्या एकाही कुर्त्याला खिसा नाही. मोबाईल, किल्ल्या, सगळं हातात.

सुईदोरा

पाऊसवेडी, तयार कुर्त्याला पण लावता येतो, मी सगळ्यांना लावलेत. बाजूची शिवण कटच्या वर सहा इंच उसव. आपला पंजा कागदावर ठेवून भोवती दीड-दोन बोटं जागा सोडून पिशवीचा आकार काढ, दोन तुकडे काप. एक पुढच्या भागाला, एक मागच्या भागाला जोड, मग गोल टीप मारून पिशवी बंद.

पाऊसवेडी

मोबाईलने लोंबणार नाही?

सुईदोरा

लोंबतो, म्हणून पिशवी पुढच्या बाजूला वळवायची आणि वरच्या कडेला एक पट्टी शिवून ती आतून कमरेपाशी शिवणीत अडकवायची. मग वजन शिवणीवर येतं, कापडावर येत नाही.

टिकली

खिशाला कुठलं कापड? जुनी जीन्स आहे माझ्याकडे.

सुईदोरा

जीन्स नको, जाड होतं, बाहेरून उमटतं. पॉपलीन घे. रात्री कागदावर आकार काढून फोटो टाकते.