वऱ्हाडी रॅपमध्ये गोष्ट सांभाळावी की यमक?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी गेली सहा वर्षे कोणत्याही कंपनीच्या आधाराविना, स्वतःच लिहून आणि घरीच ध्वनिमुद्रण करून रॅप करतो आहे. नेझी आणि डिव्हाइन या मुंबईच्या रॅपरांचे 2015 साली आलेले ‘मेरे गली में’ ऐकून मला या कलेचे वेड लागले आणि पहिली दोन वर्षे मी मुंबईच्या मुलांसारखे हिंदीतच लिहीत राहिलो. आमच्या गावाला गल्ली नाही, पांदण (शेतांमधून जाणारी वाट) आहे, हे ध्यानात यायला मला बराच काळ लागला.

आता मी वऱ्हाडीत एक चार मिनिटांची गोष्ट लिहिली आहे: बाप बैलबंडीत कापूस भरून रात्रीच जिनिंगला (सरकी काढण्याच्या कारखान्याला) निघतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रांगेत थांबतो, कटती, म्हणजे वजनातली घट, कापून घेऊन उरलेल्या वजनाचे पैसे हाती येतात आणि तो घरी परततो. अडचण अशी की दर दोन ओळींना यमक जुळवताना बापाच्या तोंडी असे शब्द येतात, जे तो जन्मात कधी बोलला नसता. मित्र म्हणतात, गोष्ट अर्धी कर आणि लोकांना गुणगुणता येईल असे ध्रुवपद टाक. मी काय करावे?

नागपूरचा बीटवाला यांचे उत्तर:

भाऊ, आधी हिशेब मांडा. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा एक बार साधारण पावणेतीन सेकंदांचा होतो, म्हणजे सोळा बारांचे कडवे पाऊण मिनिटाच्या आत संपते आणि चार मिनिटांत आपल्याला 90 बार मिळतात. एका रात्रीच्या गोष्टीला ते पुष्कळ आहेत, त्यामुळे लांबी हा आपला दोष नव्हे. स्लिक रिक या रॅपरने 1988 साली ‘चिल्ड्रन्स स्टोरी’मध्ये एका पोराच्या चोरीपासून मरणापर्यंतची सगळी हकीकत चार मिनिटांत बसवली होती, तीही आवाज बदलून पात्रांना बोलते करत.

यमकाचे म्हणाल, तर आपण बहुधा प्रमाण मराठीत यमक शोधून नंतर ओळ वऱ्हाडी करता. उलट करून पाहा. आपल्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून ‘डोया’, ‘गोया’, ‘काया’ ही एका माळेतली होतात आणि ‘माया’ त्यांच्या शेजारी सहज येऊन बसते. ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’ हा भेदही बोलीत उरत नाही, दोघेही ‘जाते’च, त्यामुळे बाप आणि माय एकाच क्रियापदावर यमक साधू शकतात. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे यमकाच्या ओळी, म्हणणारी माणसे कागद न घेता हेच करतात.

खंजिरी (अमरावती जिल्हा) यांचे उत्तर:

मी तीस वर्षे भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. रॅपमधले मला फारसे कळत नाही, परंतु आपला प्रश्न आमच्याही परिचयाचा आहे. आपले मित्र ध्रुवपद मागतात ते श्रोत्याला विसावा म्हणून. भजनात मात्र ध्रुवपद दर अंतऱ्यानंतर परत येते तेव्हा मधल्या अंतऱ्याने त्याचा अर्थ बदललेला असतो, शब्द तेच राहतात. गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. आपण ध्रुवपदाला प्रश्न का करत नाही?

वेचणारी (वर्धा जिल्हा) यांचे उत्तर:

दादा, आपल्या गोष्टीत माय कुठेच नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून वेच्याला सुरुवात कोण करते, पाठीला ओटी बांधून दिवसभर पऱ्हाटीत (कपाशीत) वाकते कोण? मी मजुरीने कापूस वेचते. आम्हाला किलोवर मजुरी मिळते आणि संध्याकाळी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) काटा लागला की प्रत्येकीच्या तोंडी एकच शब्द असतो, ‘किती भरला?’ आपला बाप जिनिंगच्या काट्यापुढे हेच विचारत असेल आणि तो घरी आल्यावर माय दारातून हेच विचारत असेल. खंजिरीवाल्या गुरुजींनी सांगितलेला प्रश्न आपल्यापाशीच आहे.

पऱ्हाटीवाला यांचे उत्तर, काही आठवड्यांनंतर:

ताई, ‘किती भरला?’ हेच ध्रुवपद ठरले आणि ते तीनदा येते, आधी धुऱ्यावर, मग काट्यापुढे आणि शेवटी दारात. पहिले कडवे मी संपूर्ण नव्याने, वेचणाऱ्या बायांच्या अंगाने लिहिले. बापाच्या वाट्याला आता सहाच ओळी आहेत आणि त्यांतल्या दोनांना यमक नाही. त्या तशाच ठेवल्या.

ध्वनिमुद्रणाची एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिली दोन कडवी मी आमच्या माजघरात म्हटली, तेव्हा तिथे आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. अंगाला खाज सुटत होती, पण कापूस आवाज पिऊन टाकतो, त्यामुळे प्रत्येक शब्द कोरडा आणि जवळचा उमटला. तिसरे कडवे म्हणायला बसलो तोवर कापूस विकला गेला होता आणि त्याच खोलीत माझा आवाज भिंतींवर आपटून परत येऊ लागला. बीटवाले भाऊ, तो घुमारा काढून टाकण्याचे आपण सुचवाल हे मला ठाऊक आहे, परंतु माय दारातून विचारते त्या ओळीमागे तो मी राहू दिला आहे.