‘प्रामाणिक उपवास’ म्हणावे की ‘निष्कपट उपवास’?

प्रश्न : कॅथलिकांच्या प्रायश्चित्तकाळावरील (ईस्टरपूर्वीच्या लेंटवरील) एका लेखात ‘प्रामाणिक उपवास’ असा शब्दप्रयोग वाचला. उपवास एक तर पाळला जातो किंवा मोडला जातो. मग ‘प्रामाणिक’ या विशेषणाने नेमका कोणता अर्थ वाढतो? शिवाय शुक्रवारी केवळ मांस न खाणे यालाही उपवासच म्हणावे काय?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो नियमाचा आहे आणि लवकर आटोपतो. चर्चच्या शिस्तीत उपवास आणि मांसवर्ज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपवासाच्या दिवशी एकच पूर्ण जेवण घ्यायचे असते व त्याशिवाय दोनदा थोडेसे खाण्याची मुभा असते. मांसवर्ज्य पाळताना जेवणे नेहमीसारखीच होतात, फक्त मांस टाळले जाते. पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये हे नियम नव्याने घालून दिले आणि 1983 च्या धर्मसंहितेत (चर्चच्या कायद्यात) राखेचा बुधवार (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) व उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हेच सक्तीच्या उपवासाचे दिवस राहिले. उपवास वयाची 18 वर्षे पूर्ण केलेल्यांपासून 59 पूर्ण होईपर्यंत बंधनकारक असतो, मांसवर्ज्य 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून पुढे. तेव्हा एरवीच्या शुक्रवारला काटेकोर लेखनात ‘मांसवर्ज्य’ म्हणावे; बोलताना ‘उपास’ म्हटले तरी कोणाचे काही अडत नाही.

आता ‘प्रामाणिक’. मराठीत प्रामाणिकपणा म्हटला की व्यवहारातला सचोटीचा माणूस डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे ‘प्रामाणिक उपवास’ म्हणजे ज्याने दिवसभरात चोरून काही तोंडात टाकले नाही त्याचा उपवास, असे ऐकणाऱ्यास वाटते. राखेच्या बुधवारी मिस्सात (चर्चमधील मुख्य उपासनेत) वाचल्या जाणाऱ्या, बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने ज्यांना ढोंगी म्हटले आहे, ते मात्र चोरून खाणारे नव्हेत. ते खरोखरच उपाशी असतात, नियमात तसूभरही चुकत नाहीत. तोंड उतरवून ती भूक लोकांना दाखवतात, एवढाच त्यांचा दोष. उलट येशू उपवास करणाऱ्याला डोक्याला तेल लावायला आणि तोंड धुवायला सांगतो, म्हणजे शेजाऱ्याला पत्ता लागू नये. येथे पोटाशी लबाडी झालेली नाही, देवासाठी म्हणून धरलेला उपवास माणसांच्या कौतुकासाठी खर्ची पडला आहे. हा दोष नेमका ‘कपट’ या शब्दात बसतो, म्हणून माझे मत ‘निष्कपट उपवास’ याला आहे. त्याच मिस्सात योएल संदेष्ट्याचा उताराही वाचतात, ज्यात वस्त्रे न फाडता अंतःकरण फाडा, असे सांगितले आहे.

प्रतिशंका : वसईच्या किनारपट्टीत मासळी रोजचीच. शुक्रवारी मटणाऐवजी पापलेट तळून खाल्ले तर नियम मोडत नाही, पण त्याला निष्कपट म्हणावे काय? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण कॅथलिकांनाही लागू पडेल.

उत्तर : लागू पडतेच. मासे, अंडी, दूध यांना नियमाने बंदी नाही. परंतु कोंबडीपेक्षा महाग पापलेट आणले, तर वाचले काय आणि द्यायचे काय? प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही तिन्ही कॅथलिक परंपरेत एकत्र येतात, आणि बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या 58 व्या अध्यायात उपवासाच्या दिवशीच मजुरांना राबवून घेणाऱ्यांना खडसावून, आपली भाकर भुकेल्याला वाटून दे, असे म्हटले आहे. पाचव्या शतकातील पोप थोर लिओ यांनीही श्रद्धावंतांनी टाळलेले अन्न गरिबांचे पोषण व्हावे, अशी शिकवण दिली. सुक्या बोंबलाची चटणी व भात खाऊन उरलेले पैसे दानपेटीत टाकणारी आजी या व्याख्येत चपखल बसते. तिने ते कोणाला सांगितले नाही तर अधिकच.

एक पुरवणी. ‘उप’ आणि ‘वस्’ मिळून ‘जवळ राहणे’, म्हणून उपवास म्हणजे देवाजवळ राहणे, ही व्युत्पत्ती प्रवचनांत हमखास येते. संस्कृतपुरती ती योग्य आहे आणि तिचे मूळ यज्ञापूर्वीच्या व्रतात आहे. शुभवर्तमानातील ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र निव्वळ ‘न खाणे’ एवढाच आहे. म्हणून ही व्युत्पत्ती मराठी भाविकाला मनन करण्यास जरूर द्यावी, पण मत्तयच्या अर्थाचा पुरावा म्हणून ती पुढे करू नये.