मदत हवी आहे: गाड्यांचं वेळापत्रक दुपारनंतर रोज कोलमडतं

तुर्भे_स्टोअर: माल पोचवायचं सॉफ्टवेअर बनवतोय. रूट व्रूम नावाचा प्रोग्रॅम काढतं, अंतर आणि वेळ ओएसआरएम हा नकाशाचा प्रोग्रॅम देतं. सकाळी ठीक, दुपारी गाड्या तास-दीड तास मागे. शेठ म्हणतात ड्रायव्हर टाइमपास करतात. मोठा सर्व्हर घेऊ का? सोमवारी डेमो आहे, लवकर सांगा.

कळवा_नाका: गाडी कुठली? माल काय? कुठून कुठे? सर्व्हरचा काय संबंध?

तुर्भे_स्टोअर: छोटा हत्ती. मार्केटातून भाजी. ऐरोली, कळवा, घोडबंदर रोड. अजून काय हवं?

गायमुखवासी: घोडबंदर म्हणालात, विषय संपला! घाटात एक ट्रेलर बंद पडला की थेट माजिवड्यापर्यंत रांग. मेट्रोचे खांब बघत म्हातारे झालो आम्ही.

उद्याची_गाडी: मूळ अडचण माणूस आहे. चालकविरहित गाड्या आल्या की वेळ तंतोतंत जुळेल.

कळवा_नाका: उलट्या दिशेने येणारी रिक्षा दिसली की तुमची गाडी संध्याकाळपर्यंत जागेवरच. आणि क्रेट तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार, कॅमेरा?

नकाशावाला: ओएसआरएमला आजचा ट्रॅफिक आपोआप कळत नाही. नकाशातल्या रस्त्याच्या प्रकारावरून तो वेग धरतो. गाड्यांच्या जीपीएसवरून खऱ्या वेगाची फाइल बनवा आणि ती ओएसआरएमचा डेटा तयार करताना, 'कस्टमाइझ'च्या पायरीला द्या.

कळवा_नाका: ते नंतर. आधी सांगा, प्रत्येक ड्रॉपला सर्व्हिस, म्हणजे माल द्यायला थांबायचा वेळ, किती टाकलंय? काहीच नाही टाकलं तर व्रूम शून्य धरतं.

तुर्भे_स्टोअर: टाकलंय हो. १०.

कळवा_नाका: १० काय? ते सेकंद मोजतं! दहा सेकंदांत वॉचमनकडे एंट्री, माल उतरवणं, वजन, सही? पहिल्या दोन ड्रॉपला कळत नाही, मग साचत जातं. आणि ड्रायव्हरला ब्रेक दिलाय का?

नकाशावाला: तरी वेगाची फाइल लागेलच.

तुर्भे_स्टोअर: जेवण ते गाडीतच उरकतात असं शेठ म्हणतात.

कळवा_नाका: एका हाताने स्टीअरिंग, एका हाताने वडापाव? सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, हे १९६१ सालीच मोटर वाहतूक कामगार कायद्यात आलं. व्रूममध्ये प्रत्येक गाडीच्या माहितीत 'ब्रेक्स', म्हणजे विश्रांती, लिहायची सोय आहे. त्यात टाइम विंडो, म्हणजे कधीपासून कधीपर्यंत घ्यायची ते, आणि अर्धा तास द्या.

गॅसवर_चालतो: सीएनजी करून घ्या राव, परवडतं.

तुर्भे_स्टोअर: अर्धा तास म्हणजे ३० ना?

कळवा_नाका: १८००!!