मदत हवी आहे: जाळपोळीच्या नकाशात अख्खं शहर लाल दिसतंय

आगपेटी_नको
लोकहो, तातडीने मदत हवी. मुद्दाम लावलेल्या आगींची तीन वर्षांची यादी आहे. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्नल डेन्सिटीचा हीटमॅप (जिथे आगी दाट तिथे गडद रंग) केला तर सगळं शहर एकाच लाल रंगात येतंय. रेडियस, म्हणजे एका आगीचा रंग किती लांब पसरवायचा ते अंतर, १०० ठेवला, ५०० ठेवला, ढिम्म फरक नाही. शुक्रवारी दाखवायचा आहे, रात्रीची गस्त कुठे वाढवायची ते त्यावर ठरणार. 'यूट्यूब बघा' सांगू नका, बघून झालंय.

नकाशेवाला
१०० काय? मीटर की अंश? सीआरएस, म्हणजे नकाशाची जागा मोजण्याची पद्धत, कोणता?

आगपेटी_नको
१०० म्हणजे १००, आधीपासून तेच होतं. सीआरएसला हात लावलेला नाही.

नकाशेवाला
मग तो ४३२६ क्रमांकाचा असणार, म्हणजे अक्षांश-रेखांश, माप अंशांत. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमी. तुमच्या एकेका आगीची धग ११ हजार किमीवर पोचतेय, शहर लाल होणार नाही तर काय! लेयर तुमच्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये (तिथे माप मीटरमध्ये असतं) रीप्रोजेक्ट करा, म्हणजे त्या पद्धतीत बदलून घ्या, आणि ३०० मीटरपासून सुरुवात करा. ३८५७ (वेब नकाशांचा सीआरएस) नको, विषुववृत्तापासून लांब गेलं की त्यातली अंतरं फुगतात.

जुना_पंप
अग्निशमन दलात उभी नोकरी काढली म्हणून विचारतो, 'मुद्दाम लावलेली' हे ठरवलं कोणी? वर्दीच्या, म्हणजे आगीची खबर आल्याच्या, नोंदीत कारण घाईत लिहिलेलं असतं. तपास पुरा होईपर्यंत 'कारण अनिश्चित' हेच खरं. कचराकुंडी, गाडी, रिकामी इमारत सगळं एकत्र कालवलंय का? मजेखातर कुंडी पेटवणारं पोरगं आणि विम्यासाठी गोदाम जाळणारा मालक एकाच रंगात दाखवून गस्त कुठे घालणार?

पायथॉनप्रेमी
क्यूजीआयएस सोडा हो. पायथॉनमध्ये दहा ओळींत होतं. मशीन लर्निंग लावलंत तर पुढची आग कुठे लागेल तेही कळेल.

नकाशेवाला
भाऊ, त्यांचे बिंदू अजून जागेवर नाहीत आणि तुम्ही भविष्य सांगताय.

तिसरी_घंटा
माझं मत, जागेपेक्षा मालकी बघा. अमेरिकेत बोस्टनच्या सिम्फनी रोडवर एकामागून एक इमारती जळत होत्या. रहिवाशांनीच मालक, कर्ज, विमा यांची कागदपत्रं उकरली. १९७७ मध्ये ३३ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात घरमालक होते, वकीलही.

जुना_पंप
ताई, दर आगीमागे विमा नसतो. डेट्रॉइटमध्ये १९८४ साली हॅलोविन सणाच्या सुमारास तीन दिवसांत ८०० च्या वर आगी लागल्या. पुढे १९९५ पासून हजारो नागरिक त्या रात्री गस्तीला उतरले, ओस पडलेल्या घरांवर नजर ठेवायला. तिथे सातबारा बघून काय मिळालं असतं?

तिसरी_घंटा
घरं ओस का पडली, हे मालकीतूनच कळतं, काका.

चहाटळ
अवांतर: कॅलिफोर्नियातला जॉन ऑर स्वतःच आगींचा तपास करायचा आणि स्वतःच आगी लावायचा. नकाशा कोण काढतोय तेही तपासा :)

आगपेटी_नको
प्लीज विषयावर या. रीप्रोजेक्ट केलं, डाग सुटे झाले, आभार. पण सगळ्यात गडद डाग चक्क अग्निशमन केंद्रावर आलाय!

नकाशेवाला
त्या बिंदूवर किती नोंदी?

आगपेटी_नको
३८. अक्षांश-रेखांशाचे सहाही दशांश तंतोतंत सारखे.

जुना_पंप
हात्तिच्या! पत्ता धड नसला की ऑपरेटर केंद्राचंच लोकेशन टाकून मोकळा होतो. पत्त्याचा रकाना वाचा बरं.

आगपेटी_नको
'मैदानामागे', 'पुलाखाली', 'नेहमीची जागा'. हे 'नेहमीची जागा' अकरा वेळा आहे.

जुना_पंप
ती अकरा सोन्यासारखी आहेत. ज्या गाडीवर नोंद आहे तिच्या ड्रायव्हरला विचारा, डोळे मिटून नेईल.

नकाशेवाला
आणि तारीख-वेळही लावा. एका आगीनंतर थोड्याच दिवसांत जवळच दुसरी लागते का बघा. तसं असेल तर गस्त वर्षभर नको, पहिल्या आगीनंतर लगेच हवी.

सावध_गृहिणी
घरासाठी आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर घ्या, त्याच्या दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघत जा.

आगपेटी_नको
ड्रायव्हर भेटले. 'नेहमीची जागा' म्हणजे दार उचकटलेलं बंद गोदाम. अकराही आगी रात्री एक ते तीनमधल्या, सात तर एकाच महिन्यातल्या. केंद्रावरचा डाग गेला, गोदामाशी नवा उमटला. आता शेवटचं: हा लाल रंग बदलायचा कसा? साहेबांना लाल दिसलं की ते पुढचं ऐकतच नाहीत.