चिकू खोटा वाटत नाही

'किल्ला' या मराठी सिनेमातला अकरा वर्षांचा चिकू बाप गेल्यावर इतका गप्प राहतो हे पटत नाही, असं एकानं लिहिलंय. मला पटलं. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात भाऊजी शेतातच गेले, तेव्हा भाचा तेरवीपर्यंत रडला नाही. जो तो डोक्यावर हात ठेवून 'आता तूच घरचा कर्ता' म्हणे, की पोरगं उठून कोठ्यात बैलांजवळ जाऊन बसे. शाळेत हजेरीलासुद्धा तोंड उघडेना. बोलला तो थेट वेचणीच्या दिवसांत, कापूस वेचता वेचता: "आई, बाबा कोणत्या धुऱ्यावर (बांधावर) पडले होते?" तोवर त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं! ताईनं जागा दाखवली, सगळं सांगितलं.

खेड्यात समुपदेशक कुठून आणणार? पण टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो. असं मूल घरात असेल तर मोठ्यांनी जरूर लावावा.