साखरपुड्यानंतर फोनचा पासवर्ड मागणे योग्य आहे का?

प्रश्न : अबोली, सांगली

माझा साखरपुडा अक्षय तृतीयेला झाला असून तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तावर लग्न करायचे ठरले आहे. होणारा नवरा पुण्यात नोकरीला आहे, मनमिळाऊ आहे आणि आजवर त्याच्याविषयी तक्रार करावी असे काही घडले नव्हते. दोन महिन्यांपूर्वी त्याने स्वतःहून आपल्या फोनचा पासवर्ड मला सांगितला आणि "आता तुझा सांग, आपल्यात लपवण्यासारखे काय आहे?" असे विचारले. मला त्याचा पासवर्ड नको होता; पण त्याने दिल्यावर आपण न देणे बरे दिसणार नाही, असे वाटून मी सांगून टाकला.

गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' (आपले व्हॉट्सअ‍ॅप आणखी कोणकोणत्या उपकरणांवर जोडले आहे, ती यादी) उघडले, तेव्हा तेथे विंडोजवरील क्रोमची एक नोंद दिसली आणि तिच्याखाली आदल्या रात्रीची ११:४० ही वेळ होती. माझ्याकडे लॅपटॉपच नाही. तो आमच्या घरी आला होता त्या रविवारी फोटो पाहण्यासाठी माझा फोन बराच वेळ त्याच्या हातात होता, हे तेव्हा आठवले.

माझी थोरली बहीण सासरी फार त्रासात आहे. आईबाबांनाही सांगता येत नाही असे ती रात्री उशिरा मला लिहिते आणि वाचून झाल्यावर पुसून टाकायला सांगते. ते त्याने वाचले असेल, या विचाराने मला दोन रात्री झोप लागलेली नाही. विचारले तेव्हा त्याने नाकारले नाही, "लग्नच करणार आहोत, मग काय बिघडले?" एवढेच तो म्हणाला. माझे काही चुकते आहे का? नवा पासवर्ड त्याला द्यावा का?

उत्तर : सुमनताई, डोंबिवली

अबोली, आमच्या लग्नाला २६ वर्षे झाली. यांच्या फोनचा आकडा मला ठाऊक आहे आणि माझा यांना. शिवाय दोघांचे सगळे पासवर्ड लिहिलेले एक पाकीट कपाटात शालूच्या घडीखाली ठेवलेले असते. यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा विम्याचे कार्ड यांच्याच फोनमध्ये होते आणि रुग्णालयातील खिडकीवर उभी असताना तो आकडा ठाऊक असल्यामुळेच माझे काम पाच मिनिटांत झाले. म्हणून पासवर्ड माहीत असणे मला वाईट वाटत नाही. पण इतक्या वर्षांत यांच्या मित्रांचे निरोप मी वाचलेले नाहीत, कारण ते त्या मित्रांनी यांना लिहिलेले असतात, मला नाही.

तुझ्या बहिणीने विश्वासाने जे सांगितले ते तिचे आहे. ते दुसऱ्याला दाखवण्याचा अधिकार तुलाही नव्हता, मग तो त्याला कोठून मिळाला? त्याने पासवर्ड मागितला, यापेक्षा त्याने तुझ्या नकळत आपला लॅपटॉप जोडून ठेवला, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. अडीअडचणीला उपयोगी पडावा म्हणून मागितलेला पासवर्ड रोज रात्री पावणेबाराला वापरावा लागत नाही.

उत्तर : कौटुंबिक न्यायालयात वकिली करणारा एक सदस्य

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. लग्न झाले म्हणून तो हक्क संपत नाही. पतीने पत्नीवर मोबाइलचा पासवर्ड देण्याची सक्ती करणे हा तिच्या खासगीपणाचा भंग आहे आणि प्रसंगी तो कौटुंबिक हिंसाचारही ठरू शकतो, असे छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरण्याविषयी आहे. ते कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्याचे सिद्ध झाल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुम्ही पासवर्ड स्वतः सांगितला होता, त्यामुळे परवानगी नेमकी कशाची होती यावर वाद होईल, याचीही जाणीव ठेवा.

पुष्कळ जण दुसरी बाजू विसरतात. १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पतीने पत्नीच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून सादर करण्यास परवानगी दिली. त्याच निकालात न्यायालयाने असेही नोंदवले की, पतिपत्नी एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत आले असतील, तर ते नाते तुटल्याचे लक्षण आहे. माझ्यासमोर बसणाऱ्या पक्षकारांकडे पाहून हे मला अक्षरशः खरे वाटते. तुमचे लग्न अजून झालेले नाही, त्यामुळे तुमच्या हाती अजून पुष्कळ आहे. नोंदीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मगच तो लॅपटॉप लॉग आउट करा.

उत्तर : पूर्वी हीच चूक केलेला, नाशिक

मी तुमच्या होणाऱ्या नवऱ्याच्या जागी होतो, म्हणून लिहीत आहे. आधीच्या नात्यात माझी फसवणूक झाली होती आणि लग्नानंतर मी बायकोचा फोन ती स्वयंपाकघरात असताना चोरून पाहू लागलो. त्यात कधीच काही सापडले नाही, पण त्यामुळे मला एक दिवसही बरे वाटले नाही. उलट काही सापडले नाही म्हणजे तिने पुसले असेल, असे वाटू लागले. पुढे ती किती वाजता ऑनलाइन होती, हेही मी कामाच्या ठिकाणी बसून पाहत असे. एके दिवशी कुकरची शिट्टी होताच ती अचानक बाहेर आली आणि तिने मला पाहिले. ती ओरडली नाही. तिने फोन माझ्या हातातच राहू दिला आणि आत जाऊन गॅस बंद केला.

त्यानंतर आम्ही दोघे वर्षभर समुपदेशकाकडे गेलो. संशय माझा होता आणि त्यावर इलाजही मलाच करून घ्यायचा होता. तिचा फोन कितीही उघडा राहिला असता तरी तो गेला नसता. म्हणून नवा पासवर्ड मुळीच देऊ नका. "तुला कशाची भीती वाटते?" एवढे मात्र त्याला विचारा आणि तो उत्तर देतो की तुमच्यावरच उलटतो, हे नीट पाहा.

उत्तर : तांत्रिक मदत, कोल्हापूर

पासवर्ड बदलणे पुरेसे नाही. फोनमध्ये त्याच्या बोटाचा ठसा नोंदवलेला नाही ना, हे पाहा. गूगल खात्यात कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत तेही तपासा आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. यूपीआयचा पिन त्याला सांगितला असल्यास आजच बदला. बहिणीलाही तिचा फोन तपासायला सांगा, मात्र हे तिला मेसेजने न कळवता प्रत्यक्ष भेटून सांगा.

अबोली, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. स्क्रीनशॉट काढून लॅपटॉप लॉग आउट केला आणि काल त्याला फोन करून, भीती कशाची वाटते, हेच विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग पुन्हा असे करणार नाही, म्हणाला. ताईचे मेसेज वाचलेस का, या प्रश्नाला मात्र त्याने अजून उत्तर दिलेले नाही. ताईला मी सगळे सांगितले. ती रडली, पण माझ्यावर रागावली नाही. पत्रिका सोमवारी छापायला जाणार होत्या. त्याचे उत्तर येईपर्यंत त्या थांबव, असे मी आईला सांगितले आहे.