ब्रुगेलच्या चित्रातली मुले हसत का नाहीत?

प्रश्न (शिक्षक, यवतमाळ जिल्हा):
मी एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवतो. तान्ह्या पोळ्याच्या निमित्ताने मुलांना फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रुगेल यांचे १५६० सालचे ‘मुलांचे खेळ’ हे चित्र मोबाइलवर मोठे करून दाखवले. आंधळी कोशिंबीर आणि भोवरे पोरांनी लगेच हेरले. डाव्या कोपऱ्यात हाडांनी खेळणाऱ्या दोघींना पाहून ‘हे तर सागरगोटे’ असा गलका झाला. मात्र एका मुलीने विचारले, की एवढे सारे खेळताहेत, मग कोणी हसत का नाही? चित्रकाराला मुलांचे चेहरे जमले नाहीत, की तसा हेतूच होता?

उत्तर (वर्धा):
जमले नाहीत असे म्हणवत नाही. मूळ चित्राची लाकडी फळी जेमतेम सव्वापाच फूट रुंद, त्यात दोनशेवर मुले, आणि पाहणारा जणू माडीवर उभा. त्यामुळे चेहरे इवलेसे उरले आणि बोलायचे काम पाठी, गुडघे नि हातांवर आले. उजवीकडे खाली दुकान-दुकान खेळणारी मुलगी वीट खरवडून लाल भुकटी पाडते आहे, ती जरूर दाखवा. शिवाय पारावर गोटीचा नेम धरलेले आपले पोरही व्याजाचा हिशेब करणाऱ्या सावकाराइतकेच गंभीर असते.

उत्तर (अमरावती):
अंतराचा मुद्दा मला अपुरा वाटतो. फ्रेंच चित्रकार शार्दां यांचे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले, १७३८ साली प्रदर्शित झालेले भोवऱ्याचे चित्र घ्या. त्यात मुलगा अगदी जवळ आहे, पुस्तके आणि दौत-लेखणी टेबलावर तशीच पडली आहेत, आणि तो कललेला भोवरा पाहत राहिला आहे. हसणे तिथेही जवळपास नाहीच. तैवानमधल्या तैपेईच्या संग्रहालयात चिनी चित्रकार सू हानचेन यांच्या नावावर असलेल्या, सोंग राजवटीच्या काळातल्या रेशमी चित्रातली दोन भावंडेही बोरांच्या खेळण्यावर अशीच वाकलेली आहेत. म्हणजे चित्रकारांनी खेळाची मजा नव्हे, तल्लीनता टिपली.

उत्तर (भंडारा):
वरील दोन्ही मते मान्य, तरी ब्रुगेलना शार्दांच्या पंक्तीला सरसकट बसवू नये. ब्रुगेलच्या चित्रातल्या मुलांचे कपडे आणि तोंडे थोरांसारखी आहेत, म्हणून काही अभ्यासक त्या चित्रात थोरांच्या उद्योगांची थट्टा पाहतात, आणि लग्नाची वरात खेळणारी मुले पाहिली की ते मत पटू लागते. गुरुजी, पुढच्या तासाला चेहरे झाकून नुसत्या हातापायांवरून खेळ ओळखायला सांगा. शेणात काडी खुपसणारे पोर तेवढे सर्वांत आधी सापडेल.